तक्रारींतला भाव आणि सूर ओळखणारी सेवा : निवड कशी करावी?

घोडबंदरकर

नमस्कार मंडळी,

वागळे इस्टेटमधला आमचा छोटा गट गृहनिर्माण सोसायट्यांसाठी तक्रार नोंदवण्याचे ॲप चालवतो. रहिवाशाने लिहिलेली तक्रार व्यवस्थापकाच्या पडद्यावर येते आणि तो ती प्लंबर, लिफ्टची देखभाल करणारी कंपनी किंवा सुरक्षारक्षक यांच्याकडे सोपवतो. आमच्या सोसायट्या मुख्यतः घोडबंदर रस्ता आणि कोलशेत इथल्या असून काही खाडीपलीकडे ऐरोली-घणसोलीत आहेत. सध्या तक्रारी आल्या त्या क्रमाने दिसतात, त्यामुळे पार्किंगवरून जुंपलेल्या वादाखाली खरोखर गंभीर तक्रार दबून राहते, अशी व्यवस्थापकांची कुरकुर आहे.

यावर उपाय म्हणून प्रत्येक तक्रारीला एक भाव (सकारात्मक, नकारात्मक, तटस्थ) आणि एक सूर (राग, वैताग, काळजी, समाधान) आपोआप लावावा आणि रागाच्या तक्रारी वर आणाव्यात, असे आमच्या मनात आहे. तक्रारी देवनागरी मराठीत, रोमन लिपीतल्या मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत येतात, आणि पुष्कळदा एकाच वाक्यात या सगळ्यांची सरमिसळ असते. नमुन्यादाखल तीन तक्रारी देतो. ओळख पटेल असा तपशील काढला आहे.

१. "बी विंगच्या जिन्यात गॅसचा वास येतोय."
२. "माननीय व्यवस्थापक महोदय, टेरेसवरील गळतीकडे आपण लक्ष द्यावे ही नम्र विनंती. यापूर्वी तीन पत्रे दिली आहेत. आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहे."
३. "वा! लिफ्ट पुन्हा बंद. कमिटीचे हार्दिक अभिनंदन."

परदेशी कंपनीची तयार सेवा घ्यावी, खुले मॉडेल (कोणालाही उतरवून घेता येणारा, मजकुरावर शिकवलेला प्रोग्राम) स्वतःच्या सर्व्हरवर चालवावे, की मोठ्या भाषा-मॉडेलला (चॅटबॉटमागे असते तशा) सरळ विचारावे, या तिन्हींत आमचे एकमत होत नाही. प्रत्यक्ष वापर केलेल्यांनी मार्गदर्शन करावे.

तलावपाळी

सेवा निवडण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे. "राग" असे लेबल आल्यावर व्यवस्थापक नेमके काय करणार आहे?

तुम्हीच दिलेल्या नमुन्यांत पहिल्या तक्रारीत रागाचा किंवा काळजीचा एकही शब्द नाही. कोणत्याही प्रामाणिक मॉडेलने तिला "तटस्थ" म्हटले तर ते चूक ठरणार नाही, आणि तरीही त्या दिवशी सर्वांत आधी उघडायला हवी अशी तक्रार तीच आहे. याउलट पार्किंगच्या भांडणात राग भरपूर असतो आणि तातडी जवळपास शून्य. तुम्हाला तातडी मोजायची आहे आणि तुम्ही भाव मोजणारे यंत्र विकत घ्यायला निघाला आहात.

ठाणे_बेलापूर_रोड

तलावपाळी यांच्याशी सहमत आहे. तरीही धागाकर्त्यांनी सेवांविषयी विचारले आहे, म्हणून महापे इथल्या आमच्या कामात ज्या सेवा हाताळल्या त्यांच्याविषयी जरा सविस्तर लिहितो.

प्रथम सुराविषयी. "टोन" हा शब्द ज्या सेवेमुळे डेव्हलपरांच्या तोंडी रुळला ती म्हणजे आयबीएमची वॉटसन टोन ॲनालायझर. सर्वसाधारण मजकुरासाठी ती राग, भीती, आनंद, दुःख, विश्लेषक, आत्मविश्वासी आणि साशंक असे सात सूर देत असे, आणि ग्राहकसेवेच्या संवादांसाठी वैतागलेला, समाधानी, नम्र, उद्धट असे वेगळे सूर होते. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी ती मोडीत काढल्याचे जाहीर झाले आणि २४ फेब्रुवारी २०२३ रोजी ती बंद झाली. तिच्या ग्राहकांना आयबीएमच्याच नॅचरल लँग्वेज अंडरस्टँडिंग या सेवेकडे जाण्यास सांगितले गेले. सूर ओळखणे पुढेही इंग्रजी आणि फ्रेंच याच भाषांपुरते होते, म्हणजे मराठीसाठी ते आधीही उपयोगाचे नव्हते आणि नंतरही नाही. हा इतिहास एवढ्यासाठी सांगितला की जुन्या लेखांत आणि उत्तरांत या सेवेची शिफारस अजूनही सापडते. शिवाय ज्यांनी तिची सात लेबले थेट आपल्या डेटाबेसच्या रकान्यांत उतरवली होती, त्यांना स्थलांतराच्या वेळी सगळे अहवाल नव्याने लिहावे लागले. सेवेची लेबले आणि तुमच्या व्यवस्थापकाला दिसणारी लेबले यांच्यामध्ये तुमचा स्वतःचा एक थर असलाच पाहिजे.

आता भावाविषयी. ॲमेझॉनची कॉम्प्रिहेंड सकारात्मक, नकारात्मक, तटस्थ आणि संमिश्र अशी चार लेबले आणि प्रत्येकाचा गुण देते. भाव ओळखण्याच्या भाषांत हिंदी आहे, मराठी नाही. गंमत अशी की मजकूर कोणत्या भाषेत आहे हे सांगणारी तिचीच दुसरी सुविधा मराठी बरोबर ओळखते. भाषेचा कोड आपण द्यायचा असल्याने हिंदीचा कोड लावून मराठी मजकूर पाठवण्याचा मोह होतो, आणि पाठवला तर उत्तरही येते. त्या उत्तराला आधार काय, हे मात्र कोणी सांगू शकत नाही. लिपी एक आणि बरेचसे शब्द सामाईक असल्यामुळे काही उत्तरे बरोबरही येतात, म्हणून हा प्रकार अधिक धोकादायक आहे.

आणखी एक तांत्रिक बाब. या सेवेत एका वेळच्या मजकुराची मर्यादा ५,००० बाइट आहे, आणि मर्यादा बाइटमध्ये आहे, अक्षरांत नाही. यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, आणि मात्रा, अनुस्वार व हलन्त ही स्वतंत्र चिन्हे असतात. "मराठी" या एवढ्याशा शब्दात म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी अशी ५ चिन्हे, म्हणजे १५ बाइट होतात. इंग्रजीत ५,००० अक्षरे मावतात तिथे देवनागरीची साधारण १,६६६ चिन्हे मावतात. तुमच्या तक्रारी छोट्या असल्याने अडचण येणार नाही, पण निवृत्त सचिवांची पत्रे आमच्याकडे याच मर्यादेवर अडकत असत.

मायक्रोसॉफ्टच्या लँग्वेज सेवेत, जी पूर्वी टेक्स्ट ॲनालिटिक्स या नावाने ओळखली जात होती, भाव ओळखण्याच्या भाषांच्या लांबलचक यादीत मराठी आहे. यादीतली मराठी म्हणजे देवनागरी मराठी असे धरून चालावे. ही सेवा वाक्यागणिक लेबल देते आणि एक वाक्य सकारात्मक व दुसरे नकारात्मक असेल तर संपूर्ण मजकुराला "संमिश्र" म्हणते. तुमची दुसरी तक्रार तिथे पाठवली तर शेवटच्या आभाराच्या वाक्याने काय होईल याची कल्पना करावी. आपल्याकडच्या अर्जवजा लिखाणात आभार हा शिष्टाचाराचा भाग असतो, समाधानाची पावती नसते. अशा वेळी वाक्यागणिक निकाल तपासून औपचारिक शेवट गणनेतून वगळता येतो, ही या सेवेची जमेची बाजू.

गूगलची नॅचरल लँग्वेज सेवा लेबल देत नाही, दोन आकडे देते. "स्कोअर", म्हणजे भावाचा कल, उणे १ ते अधिक १ या दरम्यान असतो आणि "मॅग्निट्यूड", म्हणजे भावनेचा एकूण जोर, शून्यापासून वर कितीही जातो. स्कोअर शून्याजवळ आणि मॅग्निट्यूडही लहान असेल तर मजकूर कोरडा आहे. स्कोअर शून्याजवळ पण मॅग्निट्यूड मोठा असेल तर त्यात टोकाच्या दोन्ही भावना आहेत आणि त्यांनी एकमेकींना खोडले आहे. बरेच जण फक्त स्कोअर साठवतात आणि मग कोरडी तक्रार व धुमसणारी तक्रार त्यांच्या अहवालात एकसारखी दिसते. मॅग्निट्यूड मजकुराच्या लांबीबरोबर वाढतो, त्यामुळे लांबी लक्षात न घेता दोन तक्रारींची तुलना त्याच्यावरून करू नये.

खर्चाचे गणितही छोट्या मजकुरांमुळे वेगळे होते. कॉम्प्रिहेंड १०० अक्षरांचे एकक मानते आणि दर विनंतीला किमान ३ एककांचे पैसे घेते. गूगल आणि मायक्रोसॉफ्ट १,००० अक्षरांपर्यंतचा मजकूर एक एकक धरतात आणि दोघेही दरमहा पहिली ५,००० एकके विनामूल्य देतात. तुमच्या गॅसच्या तक्रारीत पस्तीसेक चिन्हे आहेत, पण पैसे एका ठिकाणी ३०० अक्षरांचे आणि दुसऱ्या ठिकाणी पूर्ण १,०००चे मोजावे लागतील. दर प्रत्यक्ष करार करताना पाहून घ्यावेत, पण तुमच्या प्रमाणावर खर्च हा निर्णायक मुद्दा ठरणार नाही, असे माझे मत आहे.

ऐरोलीची_परीक्षक

वरची माहिती उत्तम आहे. पण मी टेस्टिंगमध्ये असल्यामुळे सेवेपर्यंत मजकूर पोहोचण्याआधी त्याचे काय होते ते आधी पाहते, आणि मराठीच्या बाबतीत पुष्कळ नुकसान तिथेच झालेले असते.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत मजकूर स्वच्छ करण्याची एक ओळ सगळीकडे उतरवलेली असते : अक्षर, अंक आणि मोकळी जागा सोडून इतर सर्व काढून टाका. पायथनच्या अंगच्या "री" मॉड्यूलमध्ये "शब्दातले अक्षर" या वर्गात मात्रा बसत नाहीत. त्यामुळे या ओळीतून "पाणी नाही" हा मजकूर गेला की बाहेर "पण नह" येतो. पाण्याचे "पण" झाले, जो मराठीत स्वतंत्र शब्द असल्यामुळे कोणाला संशयही येत नाही, आणि नकार तर पुसलाच गेला. त्यानंतर कितीही महाग सेवा घेतली तरी ती बिचारी काय ओळखणार? इंग्रजी चाचण्या सगळ्या हिरव्या येतात, म्हणून ही गोष्ट महिनोन्महिने दडून राहू शकते.

यावर उपाय म्हणून देवनागरीचा युनिकोड पट्टा (तिच्या चिन्हांना दिलेले क्रमांक) राखून ठेवायला सांगितला, तरी काम अर्धेच होते. "दुसऱ्या", "करणाऱ्या" अशा शब्दांतला आडवा र दोन प्रकारे टंकलेला असतो. एका प्रकारात नुक्त्याचा ऱ वापरलेला असतो, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचा एक अदृश्य जोडक असतो, जो देवनागरीच्या पट्ट्याबाहेर आहे. तो काढला की ऱ्य चा र्य होतो. मोबाइलच्या निरनिराळ्या कीबोर्डांतून हे दोन्ही प्रकार येत राहतात. म्हणून आधी दोन्हींचे एकच रूप करून घ्यावे आणि मगच पुढची सफाई करावी. माझ्या मते सफाई जितकी कमी तितके चांगले : विरामचिन्हे आणि इमोजी तर काढूच नयेत.

इमोजींबद्दल एवढेच सांगते की हात जोडलेली इमोजी आपल्याकडे आभारासाठी, विनवणीसाठी आणि "आता पुरे करा" या अर्थानेही येते. तिला सरसकट सकारात्मक गुण देणारी यादी सोसायटीच्या तक्रारींवर चालणार नाही.

घोडबंदरकर

@तलावपाळी, आपला प्रश्न वर्मी लागला. व्यवस्थापकांना विचारल्यावर त्यांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या. जिवाला किंवा मालमत्तेला धोका असलेली तक्रार लगेच दिसली पाहिजे, ही पहिली. दुसरी अशी की जो रहिवासी पुन्हा पुन्हा लिहून थकला आहे, त्याला कोरडे ठरावीक उत्तर न जाता माणसाचा फोन गेला पाहिजे. म्हणजे सुराचा उपयोग आहे, पण तो क्रम लावण्यासाठी नसून उत्तर कसे द्यावे हे ठरवण्यासाठी आहे.

@ऐरोलीची_परीक्षक, आमच्या कोडमधली सफाई आजच काढून पाहतो.

शब्दवेल्हाळ

आता दोन्ही कामे वेगळी झाल्यावर पहिल्यासाठी मॉडेलची गरज आहे का, हेही पाहावे. गॅस, शॉर्टसर्किट, ठिणगी, धूर, लिफ्टमध्ये अडकणे, पाण्याच्या टाकीचे उघडे झाकण अशा शब्दांची आणि त्यांच्या लेखनभेदांची यादी व्यवस्थापकांसोबत बसून केली तर धोक्याच्या तक्रारींचा मोठा भाग साध्या नियमांनी पकडला जाईल. "गॅसचे बिल जास्त आले" हीसुद्धा वर येईल, पण या कामात चुकून वर आलेली तक्रार परवडते, चुकून खाली गेलेली परवडत नाही.

सुरासाठी मी खुल्या मराठी मॉडेलांकडे पाहण्याचा आग्रह धरेन. पुण्याच्या एल३क्यूब गटाने २०२१ मध्ये महासेंट हा सुमारे १६,००० मराठी ट्वीटांचा संच प्रसिद्ध केला, ज्यात सकारात्मक, नकारात्मक आणि तटस्थ अशी लेबले आहेत. पुढे त्याची व्याप्ती वाढवून चित्रपट परीक्षणे, मालिकांचे संवाद, राजकीय आणि सर्वसाधारण ट्वीट असा सुमारे ६०,००० नमुन्यांचा संच आला. त्याच गटाची महाबर्ट ही मराठी मजकुरावर शिकवलेली मॉडेले आहेत, आणि मराठी-इंग्रजी सरमिसळीसाठी त्यांनी २०२३ मध्ये "माय बोली" या नावाखाली स्वतंत्र संच आणि मॉडेले दिली. तुमच्या रोमन लिपीतल्या तक्रारींसाठी मला हीच जागा सर्वांत आशेची वाटते, कारण रोमन मराठीला शुद्धलेखन नाही. "आहे" मधला आ कोणी एका ए ने लिहितो, कोणी दोन, आणि शेवटचा स्वर तर ज्याच्या त्याच्या मर्जीवर असतो. शब्दांच्या यादीवर चालणारी व्हेडरसारखी साधने इथे निरुपयोगी आहेत. २०१४ साली इंग्रजी समाजमाध्यमांसाठी तयार झालेले ते साधन मोठ्या लिपीतल्या (कॅपिटल) शब्दांवरून भावनेचा जोर ठरवते, आणि देवनागरीत मोठी लिपी नसतेच.

ही मॉडेले बर्ट-बेस या तुलनेने लहान मॉडेलाच्या आकाराची असल्यामुळे तुमच्या प्रमाणावर ग्राफिक्स कार्डाशिवायही चालतील. परवाने मात्र वाचून घ्यावेत, कारण मॉडेलचा परवाना आणि ज्या डेटावर ते शिकले त्याचा परवाना वेगळा असू शकतो, आणि अव्यावसायिक वापराची अट असेल तर तुमचे ॲप त्यात बसणार नाही.

एक मर्यादाही सांगितली पाहिजे. ट्वीट आणि मालिकांचे संवाद यांवर शिकलेल्या मॉडेलला "नम्र विनंती" हा अर्जाचा थाट फारसा दिसलेला नसतो. त्यामुळे तुमच्या स्वतःच्या तक्रारींवर थोडे शिक्षण द्यावेच लागेल.

वाशी_ते_ठाणे

एवढा खटाटोप कशासाठी, असा माझा नम्र प्रश्न आहे. मोठ्या भाषा-मॉडेलला तीन-चार नमुने देऊन "सूर कोणता, धोका आहे का, कारण एका ओळीत सांग" असे विचारले की सरमिसळ असो वा उपरोध, त्याला बऱ्यापैकी समजते. तुमच्या तिसऱ्या तक्रारीतले "हार्दिक अभिनंदन" खोटे आहे हे जुन्या सेवांना कळणे कठीण आहे, पण या मॉडेलांना "पुन्हा" आणि "वा" यांच्या जोडीवरून सहसा कळते. तुमच्यासारख्या छोट्या गटाने मॉडेल शिकवणे, सर्व्हर सांभाळणे आणि ॲपही चालवणे हे मला व्यवहार्य वाटत नाही.

ठाणे_बेलापूर_रोड

@वाशी_ते_ठाणे, उपरोधाच्या बाबतीत आपले म्हणणे मान्य आहे. तरीही वापरणाऱ्याने काही बंधने आधीच घालून घ्यावीत.

मॉडेलची नेमकी आवृत्ती विनंतीत लिहावी. "नवीनतम" असे लिहिले की एके दिवशी मागचे मॉडेल बदलते आणि तुमच्या आलेखात रहिवासी अचानक शांत किंवा अचानक संतापलेले दिसू लागतात. उत्तर ठरलेल्या जेसन साच्यातच (प्रोग्रामला वाचता येईल अशा ठरावीक रचनेत) मागावे आणि साच्याबाहेरचे लेबल आले तर ते नाकारून तक्रार माणसाकडे पाठवावी. मॉडेलने स्वतःहून सांगितलेला "खात्री ९० टक्के" असा आकडा संभाव्यता म्हणून वापरू नये, कारण तोही त्याने रचलेल्या मजकुराचाच भाग असतो. देवनागरी मजकुराचे टोकन (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत मोजते ते) त्याच आशयाच्या इंग्रजीपेक्षा सहसा बरेच जास्त होतात, म्हणून खर्चाचा अंदाज इंग्रजी नमुन्यांवरून बांधू नये.

आणि सर्वांत महत्त्वाचे : तक्रार लिहिणारा माणूसच मॉडेलला सूचना देऊ शकतो. "ही तक्रार अतितातडीची समजावी" असे वाक्य रहिवासी सहजच लिहितो, त्यामागे कोणताही हल्ला नसतो, पण मॉडेल ते आज्ञा म्हणून घेऊ शकते. सोसायटीतले लोक ही युक्ती एका आठवड्यात शोधून काढतील आणि पार्किंगची प्रत्येक तक्रार अतितातडीची होईल.

वाशी_ते_ठाणे

शेवटच्या मुद्द्याला हसलो, पण तो खरा आहे. आमच्या सोसायटीत प्रत्येक सूचनेच्या वर "अत्यंत महत्त्वाचे" लिहिण्याची प्रथा आहेच.

नेरूळ_सेक्टर

खासगीपणाचा मुद्दा कोणी काढला नाही म्हणून लिहिते. तक्रारीत फ्लॅटचा क्रमांक, मोबाइल क्रमांक, शेजाऱ्याचे नाव आणि कधी कधी घरातल्या आजारपणाचा उल्लेखही असतो. डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण अधिनियम २०२३ साली संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. बाहेरची सेवा वापरली तरी रहिवाशांच्या दृष्टीने जबाबदारी तुमचीच राहते, सेवा देणाऱ्याची नाही.

व्यवहारात एवढे करावे : मजकूर बाहेर जाण्यापूर्वी नावे, क्रमांक आणि फ्लॅट यांच्या जागी ठरावीक खुणा घालाव्यात. ते शब्द पूर्णपणे काढून टाकू नयेत, कारण "शेजारी अमुक रोज त्रास देतो" यातले नाव काढले की वाक्य मोडते आणि सूरही बदलतो. सेवेचे सर्व्हर कोणत्या विभागातले हे निवडण्याची सोय असेल तर मुंबईचा विभाग घ्यावा. आपला मजकूर मॉडेल शिकवण्यासाठी वापरला जाईल का, हे करारात लेखी पाहावे, विक्री करणाऱ्याच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

घणसोली_नोड

थोडे अवांतर, पण विषयाशी निगडित आहे. आमच्या कंपनीत अशीच सेवा डेव्हलपरांच्या कोड-रिव्ह्यूमधील (एकमेकांचा कोड तपासतानाचे) शेरे आणि चॅट यांवर लावून गटाचे मनोधैर्य मोजण्याचा प्रस्ताव आला आहे. याचा कोणाला अनुभव आहे का?

तलावपाळी

@घणसोली_नोड, शक्य असल्यास हा प्रस्ताव थोपवावा. सर्वसाधारण मजकुरावर शिकलेल्या साधनांना "प्रोसेस किल केला", "फेटल एरर", "ॲबॉर्ट" हे शब्द भयंकर वाटतात, तर आपल्यासाठी तो रोजचाच प्रकार असतो. याच कारणाने संशोधकांनी स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावरील चार हजारांहून अधिक नोंदींना हाताने लेबले लावून सेंटीफॉरएसडी हे वेगळे साधन केले, आणि कोड-रिव्ह्यूसाठी सेंटीसीआर झाले. ही दोन्ही इंग्रजीसाठी आहेत. शिवाय सॉफ्टवेअरच्या मजकुरावर निरनिराळी साधने एकमेकांशीच सहमत होत नाहीत, असेही अभ्यासांत आढळले आहे.

ऐरोलीतल्या अनेक कंपन्यांचे ग्राहक युरोपात आहेत, म्हणून हेही नोंदवतो : युरोपीय संघाच्या एआय कायद्यानुसार कामाच्या ठिकाणी जैवमितीय माहितीवरून, म्हणजे चेहरा किंवा आवाज यांवरून, कर्मचाऱ्यांच्या भावना ओळखण्यावर २ फेब्रुवारी २०२५ पासून बंदी आहे, वैद्यकीय आणि सुरक्षेच्या कारणांना अपवाद आहे. केवळ लिखित मजकूर त्या बंदीत येत नाही. पण चॅटसोबत कॉलचे ध्वनिमुद्रणही जोडायची टूम निघाली तर प्रकरण तिथे पोहोचेल. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, आपले शेरे मोजले जात आहेत हे कळले की लोक रिव्ह्यूत फक्त "छान" लिहू लागतील.

शब्दवेल्हाळ

मूळ विषयाकडे वळतो. कोणतीही सेवा निवडा, पण तुलना कशावर करणार? विक्रेत्याच्या पानावरची अचूकता तुमच्या उपयोगाची नाही. तुमच्याकडच्या जुन्या तक्रारींतून काही शे तक्रारी निवडा. सगळ्या सोसायट्या, दोन्ही लिप्या, पावसाळा आणि उन्हाळा हे सारे त्यांत येऊ द्या. मग दोन माणसांनी एकमेकांचे न पाहता त्यांना लेबले लावा, आणि त्यांतला एक तरी सोसायटीच्या कामकाजात मुरलेला असावा. डेव्हलपरला जी तक्रार सौम्य वाटते ती सचिवाला लगेच कळते की हा गृहस्थ आता थेट निबंधकाकडे जाणार आहे.

दोघांची सहमती कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेल्या कप्पा या मापाने पाहा, कारण योगायोगाने होणारी सहमती त्यात वजा होते. "राग" आणि "वैताग" यांत माणसांचेच जुळत नसेल तर ती दोन लेबले एक करा. माणसाला न दिसणारा फरक सेवेने दाखवावा, ही अपेक्षा व्यर्थ आहे.

नुसती अचूकताही पाहू नका. तक्रारींच्या ॲपमध्ये १०० पैकी ८० मजकूर नकारात्मक असतील तर डोळे मिटून प्रत्येकाला "नकारात्मक" म्हणणारा प्रोग्रामही ८० टक्के अचूक ठरतो. प्रत्येक लेबलासाठी किती खरे पकडले आणि पकडलेल्यांपैकी किती खरे होते हे वेगवेगळे काढा, आणि देवनागरी, रोमन व सरमिसळ यांचे आकडेही वेगळे ठेवा. एकत्र सरासरीत रोमन मराठीचे अपयश सहज लपते.

घोडबंदरकर

सर्वांचे मनापासून आभार. चर्चेवरून आम्ही असे ठरवले आहे : धोक्याच्या तक्रारी नियमांच्या यादीने पकडायच्या आणि त्या यादीवर कोणत्याही मॉडेलला अधिकार द्यायचा नाही. म्हणजे मॉडेलने "शांत सूर" म्हटले तरी गॅसची तक्रार खाली जाणार नाही. सुराची लेबले चारऐवजी दोनच ठेवायची : "ठरावीक उत्तर चालेल" आणि "माणसाने बोलावे". दुसऱ्या लेबलासाठी मजकुरासोबत त्या रहिवाशाने याच विषयावर आधी किती वेळा लिहिले आहे, ही आमच्याच डेटाबेसमधली माहितीही वापरायची. तुमच्या चर्चेनंतर लक्षात आले की दुसऱ्या नमुन्यातला खरा सूर त्याच्या शब्दांत कुठेच नाही. तो "तीन पत्रे" यात आहे.

तयार सेवांपैकी मायक्रोसॉफ्टची, एक खुले मराठी मॉडेल आणि एक मोठे भाषा-मॉडेल, अशी तिन्ही एकाच संचावर तपासणार आहोत. लेबले लावायला कोलशेतच्या एका सोसायटीच्या माजी सचिवबाई तयार झाल्या आहेत. त्यांची एकच अट आहे की पार्किंगच्या तक्रारी त्यांना वाचायला देऊ नयेत.

ऐरोलीची_परीक्षक

सचिवबाईंची अट कृपया मान्य करू नका. पार्किंगच्या तक्रारी संचातून गेल्या तर राग असूनही तातडी नसलेला सगळा प्रकारच चाचणीतून जाईल. हवे तर त्या तक्रारी दुसऱ्या कोणाला द्या.

आणि हा संच कोडसोबतच आवृत्ती-नियंत्रणात (प्रत्येक बदलाची नोंद राहते तिथे) ठेवा, म्हणजे सेवा बदलली, तिची आवृत्ती बदलली किंवा तुमची सफाईची ओळ बदलली की तोच संच पुन्हा चालवता येईल. नाव आणि क्रमांक झाकलेली प्रतच तिथे जाऊ द्या. पहिल्या मोठ्या पावसानंतर गळतीच्या तक्रारींतून नवे नमुने घेऊन त्यात भर घालावी, कारण तेव्हाची भाषा मे महिन्यातल्या टँकरच्या तक्रारींपेक्षा अगदी वेगळी असते. आणि ज्यांना मॉडेलने "ठरावीक उत्तर चालेल" म्हटले आहे, त्यांतल्या थोड्या तक्रारी दर आठवड्याला एखाद्या माणसाने वाचाव्यात. ज्या तक्रारी वर आल्याच नाहीत त्यांच्याविषयी व्यवस्थापक तुम्हाला कधीच कळवणार नाहीत.